माहेरचा पाऊस सासरच्या नळाला येतो का?

मृग कोरडा गेला, आर्द्रा लागल्या तशी पत्रं सुरू झाली, आणि यावेळी सगळ्यांना एकदम नदीच आठवलीय. कुणाला धुक्याचा त्रास, कुणाला पुराचा, एकीला माहेरच्या पावसाची आठवण. मी शाळेत भूगोल शिकवायचो, "खोरे म्हणजे काय" याची व्याख्या शेकडो पोरांकडून घोकून घेतली, पण एकाही वर्गाला आपल्या बेळगावच्या मार्कंडेय नदीच्या काठाला नेऊन उभं केलं नाही. ती चूक आता या पानावर फेडतोय असं समजा. सगळे प्रश्न घेता आले नाहीत, राहिलेल्यांनी रागवू नये.

प्रश्न : सर, आमचं शेत कडोलीच्या खाली नदीकडच्या अंगाला हाय, कोबी, बटाटा, कोथिंबीर करतो. मागच्या थंडीत सकाळी नऊ-साडेनऊपर्यंत धुकं हलायचं नाही, पानं ओलीचिंब, करपा आला. भावाचं शेत वर टेकाडाला, तिथं आठलाच लख्ख ऊन. उंचावर थंडी जास्त असतीया म्हणून आम्ही शाळेत शिकलो, मग हे उलटं कसं काय? खाली खोलगटात तर ऊब पाहिजे की वो. – एक भाजीवाले, कडोली

अण्णा, शाळेत शिकलात ते खोटं नाही, शंभर मीटर वर गेलं की साधारण अर्धा-पाऊण डिग्री कमी होते, पण ते सरासरीचं गणित झालं, आणि शेत काही सरासरीत नसतं. थंडीच्या दिवसात आभाळ निरभ्र, वारा पडलेला, अशी रात्र घ्या. जमिनीनं दिवसभर साठवलेली उष्णता वर निघून जाते, जमीन गार पडते, तिला चिकटलेली हवा गार पडते, आणि गार हवा जड. जड झाली की ती काय करणार, पाणी जातं त्याच वाटेनं जाते, उतारानं घसरत, ओढ्या-ओढ्यानं, पाणंदीनं, थेट तुमच्या शेतात. भावाच्या टेकाडावरची थंडी रात्रभर वाहत तुमच्याकडं येऊन साठते असं म्हटलं तरी चालेल (भावाला सांगू नका, बांधावरून आधीच काही चालू असेल तर त्यात अजून एक भर नको). तिच्या वर तुलनेनं उबदार हवेचं झाकण बसतं आणि आजूबाजूच्या टेकड्यांमुळं वारा आत शिरत नाही, त्यामुळं ढवळायला कुणी नाही. त्यात नदीची ओल, ओली माती, रात्री सोडलेलं पाणी. मग धुकं नाही तर काय होणार.

डिसेंबरात एकदा उजाडताना येळ्ळूरच्या राजहंसगडावर जाऊन बघा. खाली सगळं पांढरं सपाट, त्यातून फक्त माडाचे शेंडे आणि एखादं देवळाचं शिखर वर आलेलं, आणि गडावर तुम्ही स्वेटर काढून हातात धरलेला. त्या पांढऱ्याला वरची कड असते, अगदी घागरीतल्या पाण्यासारखी, तिथपर्यंतच थंडी भरलेली असते. जुन्या लोकांना हे शास्त्र माहीत नव्हतं पण कड कुठं असते ते माहीत होतं. चंदगडकडं काजू उतारावर आणि भात तळाला, हे उगाच नाही. उताराचा मधला पट्टा रात्रीला सगळ्यात उबदार असतो.

आता उपाय. पहिलं म्हणजे तुमच्या शेताच्या खालच्या अंगाला बांबूचं बेट नाहीतर दाट कुंपण असलं तर त्यात एक-दोन ठिकाणी खिंड पाडा, नाहीतर ते कुंपण गार हवेला धरणाची भिंत होतं आणि फुगवटा तुमच्या कोबीत येतो. दुसरं, संध्याकाळी स्प्रिंकलर सोडू नका. हे मी कितीजणांना सांगितलं पण करंट रात्रीचाच येतो म्हणतात, ते पण खरंच आहे, मग निदान पानांवर न मारता सरीतनं पाणी द्या. बटाट्याच्या करप्याला गारवा आणि ओलं पान दोन्ही एकत्र लागतं, गारवा तुमच्या हातात नाही, पान कोरडं ठेवणं थोडंफार आहे. ओळी एकमेकींपासून थोड्या लांब ठेवा. पाचोळा पेटवून धूर करतात त्याचा धुक्यावर काही उपयोग नाही, शेजारच्याचा खोकला वाढतो एवढंच.

आणि ह्याच खोलगटाचे फायदे पण बघा की. शहापूर, वडगाव, अनगोळ, येळ्ळूरच्या शिवारात बेळगाव बासमती होतो, त्याच्या वासाचं कौतुक आपण पाहुण्यांना सांगून सांगून दमत नाही. दाणा भरताना रात्री गार असल्या तर भाताचा वास चांगला धरतो. म्हणजे ज्या थंडीनं तुमचा बटाटा नासला तीच थंडी तिकडं भातात वास भरते. त्याच शिवारातनं बळ्ळारी नाला जातो आणि दर पावसाळ्यात तो भरून भात बुडतो ते वेगळं, त्यावर लिहायला बसलो तर पान पुरणार नाही.

प्रश्न : बेळगाव खोऱ्यात आहे की पठारावर? मुलाच्या गृहपाठावरून घरात वाद झाला. – एक पालक, टिळकवाडी

दोन्ही. शहर समुद्रसपाटीपासून साडेसातशे मीटरच्या आसपास, म्हणजे पठारावर. पण पठार म्हणजे टेबल नव्हे, त्याला पण सुरकुत्या असतात, आणि त्यातल्या मार्कंडेयच्या सुरकुतीत आपण बसलोय. शहराचं पाणी नाल्यानं मार्कंडेयला, मार्कंडेय गोकाकजवळ घटप्रभेला, घटप्रभा कृष्णेला. खानापूर मात्र मलप्रभेवर. म्हणजे बेळगावहून खानापूरला जाताना कुठंतरी वाटेत तुम्ही एका खोऱ्यातनं दुसऱ्या खोऱ्यात जाता, पण घाट नाही, चढ पण जाणवत नाही, बसमध्ये कुणाची झोपसुद्धा मोडत नाही. मोठा पाऊस पडला की पोराला घेऊन त्या रस्त्यानं जा आणि रस्त्याखालच्या मोऱ्यांतलं पाणी कुठल्या अंगाला वाहतंय ते बघत राहा. जिथं दिशा बदलली ती पाणलोटाची रेघ. गृहपाठात तेच लिहू द्या, मार्क कमी पडले तर मला कळवा.

प्रश्न : माझं माहेर कणकुंबी, सासर गोकाक तालुक्यात. आई फोन करते आणि म्हणते आठ दिवस सूर्य नाही, कपडे वाळत नाहीत, चुलीजवळ टाकतोय. आणि इथं आम्ही आभाळाकडं बघत बसलोय, ढग येतात आणि तोंड दाखवून पुढं जातात. सव्वाशे किलोमीटरचं पण अंतर नाही आणि एवढा फरक कसा? सासूबाई म्हणतात तुझ्या माहेरचा पाऊसच आपल्या कालव्याला येतो, म्हणून मला जरा बरं वाटतं. ते खरं का? – एक गृहिणी

अक्का, पत्र वाचून आधी मी नकाशा काढला आणि मग थोडा वेळ गप्प बसलो, कारण तुमच्या दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर तुम्हाला आवडणार नाही. आधी पहिल्याचं सांगतो.

पावसाचे ढग अरबी समुद्रावरनं येतात आणि सह्याद्रीला धडकतात. वर चढायला लागलं की हवा गार होते, गार हवेत वाफ मावत नाही, मग ती तिथंच सांडते. आंबोलीला वर्षाला सात हजार मिलिमीटरच्या घरात पाऊस पडतो तो ह्याच कारणानं, कणकुंबी, चोर्ला, जांबोटी हा सगळा पट्टा त्याच भिंतीवर बसलाय. भिंत ओलांडून हवा पलीकडं उतरायला लागली की गरम होते, आणि गरम हवेला सांडायची गरज उरत नाही. बेळगाव शहराला बाराशे-तेराशे मिलिमीटर मिळतो, आणि गोकाकला जेमतेम पाचशेच्या आसपास. तुम्ही जे तोंड दाखवून जाणारे ढग म्हणता ते रिकामी पोती आहेत हो, माल आंबोलीलाच उतरवून आलेले. आपल्याकडं पर्जन्यछाया म्हणतात, शब्द छान आहे पण छाया म्हटलं की गारवा वाटतो, इथं तर उलट.

घाटाच्या आडोशाला बसलेल्या सगळ्यांची हीच गोष्ट. आडोसा म्हटलं की आपल्याला चांगलंच वाटतं, वारा लागत नाही, झड आत येत नाही. पण आडोशाला किती आत बसलाय त्यावर सगळं ठरतं. बेळगाव भिंतीला टेकून बसलंय त्याला गारवा मिळतो, गरिबांचं महाबळेश्वर म्हणवून घेतो आपण. गोकाक चार हात लांब, त्याच्यापर्यंत फक्त सावली पोचते. त्यामुळं तुमच्या भागातल्या कोरडवाहूवाल्यांचा खरा जीव परतीच्या पावसात अडकलेला असतो, सप्टेंबर-ऑक्टोबरचा, जो पूर्वेकडनं गडगडत येतो. तो आला तर शाळू येतो. आईला जुलैचा पाऊस, तुम्हाला दसऱ्याचा.

आता कालवा. अक्का, तुमच्या कालव्याचं पाणी घटप्रभेचं, आणि घटप्रभा येते चंदगडच्या रानातनं, रामघाटाकडनं. तिला ताम्रपर्णी मिळते, आंबोलीहून निघून आजरा, गडहिंग्लज, संकेश्वर करत आलेली हिरण्यकेशी मिळते. हुक्केरी तालुक्यात हिडकल धरण, ५१ टीएमसीचं (टीएमसी म्हणजे अब्ज घनफूट), आणि त्याच्या खाली धुपदाळचा १८९७ सालचा बंधारा, तिथनं कालवे निघतात. म्हणजे तुमच्या शेतात पाणी येतं ते आंबोलीचं, आजऱ्याचं, चंदगडचं. कणकुंबीचं नव्हे.

मग आईच्या अंगणातलं पाणी जातं कुठं? कणकुंबीच्या माउलीच्या देवळाजवळ मलप्रभा उगम पावते, ती खानापूरवरनं सौंदत्तीकडं जाते, नविलुतीर्थाच्या धरणात थांबते, आणि पार खाली कूडलसंगमाला कृष्णेला मिळते. पण कणकुंबीच्या शिवारातलं सगळंच पाणी मलप्रभेला जात नाही. कळसा नाला तिथलाच, तो उलट पश्चिमेला वळून गोव्यात म्हादईच्या खोऱ्यात उतरतो. म्हणजे एकाच गावातल्या पावसाचा एक थेंब बंगालच्या उपसागराला आणि दुसरा पणजीला, घराचं कौल कुठल्या बाजूला उतरतं त्यावर ठरावं असं. ह्या दुसऱ्या थेंबावरूनच कर्नाटक आणि गोव्याचं भांडण आहे, लवादाचा निकाल २०१८ ला लागला तरी ते मिटलेलं नाही.

सासूबाईंना हे सांगायचं का नाही ते तुम्ही ठरवा. मी असतो तर सांगितलं नसतं. पण अगदीच पाहिजे असेल तर एक आधार आहे : घटप्रभा बागलकोट जिल्ह्यात कृष्णेला मिळते, ते पाणी आलमट्टीच्या धरणातनं खाली सुटतं, आणि त्याच्या पुढं लगेच कूडलसंगमाला मलप्रभा येऊन मिळते. तुमच्या सासरचं आणि माहेरचं पाणी भेटतं, फक्त तुमच्या दारात नाही, बसवेश्वरांच्या संगमावर. एकदा आईला घेऊन जाऊन या.

प्रश्न : गोकाकचा धबधबा तिथंच का? नदी इतका वेळ सपाट येते आणि एकदम उडी का मारते? आणि उन्हाळ्यात गेलो तर पाणीच नव्हतं, गाडीभाडं फुकट गेलं. – नववीतला एक विद्यार्थी, निपाणी

शाब्बास, "तिथंच का" हा प्रश्न मोठी माणसं विचारत नाहीत, ती सेल्फी काढतात. आपल्याकडं वरच्या अंगाला काळा दगड, म्हणजे लाव्ह्याचा बेसॉल्ट, साधारण साडेसहा कोटी वर्षांपूर्वी थरावर थर ओतलेला. दख्खनचा हा काळा दगड बेळगावच्या आसपास संपत येतो. त्याच्या खालनं त्याहून कितीतरी जुना वालुकाश्म वर डोकावतो, कलादगीच्या नावानं ओळखला जातो, तांबूस, घट्ट, तासायला गेलं तर छिन्नी बोथट. असा दगड सहजी झिजत नाही. नदी त्याच्यावरनं पसरट येते, पण त्यात उभ्या भेगा असतात, खालचा आधार सुटला की वरचा ठोकळा तसाच उभा निखळून पडतो. म्हणून उतार न होता कडा तयार होतो. घोड्याच्या नालासारखा आकार, उडी ५२ मीटरच्या आसपास. मार्कंडेयवरचा गोडचिनमलकीचा धबधबा पण त्याच मुलखातला, रान जास्त आणि गर्दी कमी, मला तोच आवडतो.

उन्हाळ्यात पाणी का नव्हतं ते वरच्या उत्तरात आहे, धुपदाळला ते आधीच कालव्यात वळलेलं असतं. जुलैच्या शेवटाला ते सप्टेंबर ह्या दिवसात जा, झुलत्या पुलावर उड्या मारू नकोस. आणि येताना करदंट, म्हणजे गोकाकची मिठाई, आणायला विसरू नकोस.

नविलुतीर्थाला जमलं तर ते पण बघ, तिथं मलप्रभेनं ह्याच जातीच्या दगडाच्या डोंगररांगेत खिंडार पाडलंय. कन्नडमध्ये नविलु म्हणजे मोर. धरण बांधणाऱ्यांना अशी जागा म्हणजे लॉटरीच, दोन्ही बाजूला पक्का डोंगर, मध्ये चिंचोळी फट, मागं पसरट खोरं. बूच लावायचं आणि पाणी साठवायचं. शाळेत "धरणासाठी योग्य जागा" असा प्रश्न आला तर हेच चित्र काढ.

प्रश्न : आम्ही सदलग्याकडचे. आमच्याकडं ऊन पडलेलं असतंय, पाऊस चार थेंब, आणि नदी चढत चढत रस्त्यावर. २०१९ ला घरात छातीएवढं पाणी, २०२१ ला परत. पाऊस नाही तर पाणी येतंय कुठनं, आणि आलेलं जात का नाही? – एक ऊस उत्पादक

येतं तुमच्या डोक्यावरनं. दूधगंगा काळम्मावाडीहून, वेदगंगा पाटगावहून, दोघीही घाटाच्या अगदी कुशीतल्या. तिथं चार दिवस धो धो कोसळला की तुमच्याकडं ऊन असलं काय आणि नसलं काय. घाटातनं उतरताना नदीला उतार भरपूर, ती पळत येते, आणि चिकोडी-निपाणीच्या सपाटीला आली की तिचे पाय जड होतात. मळईची काळी जमीन तिनंच असे पूर आणून आणून अंथरलेली आहे, ज्या जमिनीवर तुमचा ऊस एवढा पोसतो ती जमीन म्हणजे जुन्या पुरांचा गाळच. हे पुरात घर बुडालेल्या माणसाला सांगायचं म्हणजे जखमेवर मीठ, पण खरं आहे.

आणि जात का नाही, तर फुगवटा. दूधगंगा कल्लोळजवळ कृष्णेला मिळते. कृष्णा मोकळी असली तर दूधगंगेचं पाणी गुमान आत जातं. पण त्याच वेळी वर कोयनेचं, वारणेचं, पंचगंगेचं पाणी घेऊन कृष्णा आधीच काठोकाठ भरलेली असते, मग लहान नदीला दारात उभं राहावं लागतं. लग्नात पहिली पंगत उठल्याशिवाय दुसरी बसत नाही तसं. मागनं लोक येतच असतात, मांडव भरतो, आणि मांडव म्हणजे तुमचा रस्ता, तुमचा गोठा, तुमचा सोपा. त्यामुळं सदलग्याचा पूर नुसता दूधगंगेच्या धरणावर बघून कळत नाही, कृष्णेची पातळी बघावी लागते. खालच्या आलमट्टीचा ह्यात हात किती ह्यावर दोन राज्यं भांडतायत, मी त्यात पडत नाही, पण एवढं नक्की की सपाट मुलखात नदीला घाई नसते, धरण असो वा नसो, आणि तिच्या पात्रात भराव टाकून पुलाचे रस्ते उंच केले की ती अजून रेंगाळते. पूल बांधला की गावाला वाटतं सुटलो, पुलाच्या दोन्ही बाजूचा भराव म्हणजे आडवी भिंत हे नंतर लक्षात येतं.

तुमच्यासाठी एक साधी खूण सांगतो, मोबाईलला रेंज नसली तरी कळणारी. वर नरसोबाच्या वाडीला पंचगंगा कृष्णेला मिळते. तिथं देवळात पाणी शिरून पादुकांवरनं दक्षिणेच्या दारानं बाहेर पडलं की दक्षिणद्वार सोहळा झाला म्हणतात, लोक मुद्दाम स्नानाला जातात, पेपरात बातमी येते. तुमच्यासाठी ती बातमी वेगळी आहे. वाडी तुमच्या संगमाच्या वर, तिथं कृष्णा एवढी चढली म्हणजे ते पाणी निघालंय कल्लोळकडं आणि तुमची दूधगंगा आता अडणार. तेव्हा वर पाऊस चालूच असेल तर वाट बघू नका. आधी जनावरं माळावर न्या, माणसं ऐनवेळी होडीत बसतात, म्हैस बसत नाही. मग बियाणं, खताची पोती, मोटारीचा स्टार्टर. भांडी राहू द्या, भांड्यांना पाण्याचं काही होत नाही.